ब्राउझर मागे राहिला तरी पान मोडू नये : नवे सीएसएस इफेक्ट्स वापरण्याची पद्धत

एखादा नवा सीएसएस इफेक्ट (सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा) साइटवर घ्यायचा का, हे ठरवताना बरेच जण सपोर्टचा तक्ता उघडतात आणि हिरव्या चौकोनांमध्ये दोन-चार लाल दिसले की विचार सोडून देतात. काही जण उलट करतात. आपल्या लॅपटॉपवर छान दिसलं की काम झालं, असं समजून साइट लाइव्ह करतात. दोन्हीकडे एक प्रश्न विचारायचा राहून जातो : ज्याच्या ब्राउझरला हा इफेक्ट कळत नाही, त्या वाचकाला नेमकं काय दिसेल?

हा प्रश्न आधी विचारला की अर्धे निर्णय आपोआप होतात. सावली दिसली नाही तर कुणाचं काही अडत नाही. मजकूरच दिसला नाही तर सगळंच अडतं. ‘सपोर्ट नाही’ या दोन शब्दांत या दोन्ही गोष्टी एकत्र मोजल्या जातात, आणि तिथेच घोळ होतो.

उदाहरण म्हणून एका दिवाळी अंकाच्या साइटचं मुखपृष्ठ घेऊ. वर चिकटून राहणारा धूसर काचेसारखा हेडर, त्याखाली रंग बदलत जाणारं मोठं देवनागरी शीर्षक, मग कथा-लेखांची कार्डं, स्क्रोल करताना हळूच वर येणारी चित्रं आणि शेवटी अंक मागवण्याचा फॉर्म. या पानाचे वाचक कोण असतील? परदेशातली नव्या आयफोनवाली मुलगी, सांगलीत अँड्रॉइडवर पान उघडणारे तिचे वडील आणि विंडोज ७ चा संगणक अजून चालू असलेलं एखादं वाचनालय. तिघांनाही अंक मागवता आला पाहिजे. काच तिघांनाही दिसलीच पाहिजे असं नाही.

(प्रॉपर्टींची नावं इथे आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाइप करायची.)

पायरी १ : तळ ठरवा

ज्या सर्वांत जुन्या ब्राउझरवर पान वाचता आणि वापरता आलंच पाहिजे, तो आपला तळ. तो अंदाजाने ठरवू नका. साइट आधीपासून चालू असेल तर तिच्याच अॅनालिटिक्समध्ये ब्राउझरच्या आवृत्त्या बघा. जगाची सरासरी तुमच्या वाचकांना लागू पडेलच असं नाही. साइट नवी असेल, तर पुढची माहिती उपयोगी पडेल.

विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तिथे फायरफॉक्स ११५ च्या ईएसआर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीवर थांबतो. आयफोन ६एस आणि आयफोन ७ हे आयओएस १५ च्या पुढे जात नाहीत, म्हणजे सफारीही १५ च्या घरातच राहते. आयफोनवर सफारी सिस्टिमसोबतच अपडेट होते. भारतात काय किंवा अमेरिकेत काय, आयफोनवरचं क्रोमही आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतं, त्यामुळे तिथे ‘क्रोममध्ये उघडून बघा’ या सल्ल्याने काही साधत नाही. अँड्रॉइडचं बरं आहे. तिथे फोन जुना असला तरी क्रोम प्ले स्टोअरवरून वेगळं अपडेट होत राहतं, पण त्यालाही हद्द आहे. अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ ला थांबतं.

‘जुना ब्राउझर’ ही एकच शिडी नाही, हेही ध्यानात घ्या. क्रोम १०९ ला कंटेनर क्वेरी (घटक ज्या चौकटीत आहे तिच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याची सोय) कळतात, पण ओकेएलसीएच (रंग लिहिण्याची नवी पद्धत) रंग कळत नाहीत, कारण ते क्रोममध्ये १११ पासून आले. सफारी १५.६ चं नेमकं उलट आहे. ओकेएलसीएच तिथे १५.४ पासून आहे, पण कंटेनर क्वेरी १६ मध्ये आल्या. म्हणून ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती ओळखून वेगळी स्टाइलशीट देण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक गुण, म्हणजे अशी प्रत्येक नवी सोय, वेगळा तपासावा लागतो, आणि ते काम ब्राउझर स्वतःच करू शकतो.

पटकन अंदाज घ्यायला ‘बेसलाइन’ ही वर्गवारी चांगली. एखादा गुण क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत आला की तो ‘नव्याने उपलब्ध’ होतो आणि त्यानंतर ३० महिन्यांनी ‘सर्वत्र उपलब्ध’ गणला जातो. दुसऱ्या गटातलं बहुतेक काही निर्धास्त वापरा. पहिल्या गटासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

पायरी २ : ब्राउझर काय गाळतो ते नीट समजून घ्या

सीएसएसचा पाया उदार आहे. न कळलेली प्रॉपर्टी किंवा तिला दिलेली न कळलेली किंमत (व्हॅल्यू) ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो आणि पुढे जातो. जावास्क्रिप्टमध्ये एक चूक झाली की पुढचं सगळं थांबू शकतं, इथे तसं होत नाही. म्हणून सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे दोन ओळी : आधी सगळ्यांना कळणारी किंमत, तिच्याखाली नवी. मोबाइलवर पूर्ण उंचीचा भाग हवा असेल तर आधी ‘हाइट : १०० व्हीएच’ आणि खाली ‘हाइट : १०० डीव्हीएच’. ज्याला डीव्हीएच (ब्राउझरची पट्टी दिसते-लपते तशी बदलणारी स्क्रीनची उंची) कळतं तो दुसरी ओळ घेतो. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी ती ओळ नसल्यासारखीच असते.

पण या उदारपणाला तीन अपवाद आहेत, आणि साइट मोडतात त्या बहुधा इथेच.

पहिला अपवाद सिलेक्टरच्या (नियम कुठल्या घटकांना लागू करायचा ते सांगणाऱ्या भागाच्या) यादीचा. स्वल्पविराम देऊन तीन सिलेक्टर एकत्र लिहिले आणि त्यातला एकच ब्राउझरला कळला नाही, तर तो एकच गळत नाही, अख्खा नियम गळतो. फॉर्ममध्ये चुकलेला रकाना लाल दाखवायला तुम्ही ‘डॉट-चूक’ हा साधा क्लास आणि ‘हॅझ’ (आत काय आहे ते बघून घटक निवडणारं) वापरणारा सिलेक्टर एकाच नियमात लिहिलात, तर विंडोज ७ वरच्या फायरफॉक्स ११५ मध्ये साधा क्लाससुद्धा निकामी होतो. ‘हॅझ’ फायरफॉक्समध्ये १२१ व्या आवृत्तीत, डिसेंबर २०२३ ला आलं. उपाय सोपा आहे : नव्या सिलेक्टरचा नियम वेगळा लिहायचा. चार ओळी जास्त होतील, होऊ द्या.

दुसरा अपवाद व्हेरिएबलचा, म्हणजे एकदा नाव देऊन ठेवलेल्या आणि ‘व्हार’ने हवी तिथे वापरायच्या किमतीचा (कस्टम प्रॉपर्टीचा). हा फार जणांना माहीत नसतो, म्हणून जरा सावकाश बघू. समजा तुम्ही ‘मुख्य-रंग’ नावाच्या कस्टम प्रॉपर्टीत ओकेएलसीएच रंग ठेवलात. मग शीर्षकाला दोन ओळी दिल्यात : आधी ‘कलर : डार्करेड’, खाली ‘कलर : व्हार (मुख्य-रंग)’. वरच्या युक्तीप्रमाणे जुन्या ब्राउझरला डार्करेड मिळायला हवा. मिळत नाही. ‘व्हार’ असलेली ओळ वाचताना ब्राउझरला आत काय आहे ते अजून ठाऊक नसतं, म्हणून तो ती बरोबर धरतो आणि वरची डार्करेडची ओळ बाद करतो. प्रत्यक्ष किंमत भरायची वेळ आली की ओकेएलसीएच त्याला कळत नाही, पण मागे फिरायला तोवर काही उरलेलं नसतं. मग रंग पालक घटकाकडून येतो, बहुधा साधा काळा. बॅकग्राउंडच्या बाबतीत तर काहीच येत नाही, पार्श्वभूमी पारदर्शक होते. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील, तर पट्टी गेली आणि पांढऱ्यावर पांढरं राहिलं.

इथे दोन ओळींची युक्ती व्हेरिएबलच्या वापराजवळ नको, त्याच्या व्याख्येजवळ हवी. ‘रूट’मध्ये (अख्ख्या पानाला लागू होणाऱ्या नियमात) मुख्य-रंग आधी साध्या आरजीबीत ठरवा. खाली ‘अॅट-सपोर्ट्स’ने (एखादी ओळ ब्राउझरला कळली तरच लागू होणाऱ्या तुकड्याने) ओकेएलसीएच कळतं का ते विचारा आणि त्या कंसात मुख्य-रंग नव्याने ठरवा. बाकी स्टाइलशीटला हात लावावा लागत नाही.

तिसरा अपवाद नेस्टिंगचा. नियमाच्या पोटात नियम लिहिण्याची सोय आता सीएसएसमध्येच आली आहे. क्रोममध्ये ती ११२, फायरफॉक्समध्ये ११७ आणि सफारीत १६.५ पासून आहे. पण क्रोम १०९ मध्ये पोटातले नियम लागूच होत नाहीत. अख्खी स्टाइलशीट अशी लिहिली असेल तर वाचनालयातल्या त्या संगणकावर पान जवळजवळ उघडंबोडकं दिसेल. नेस्टिंगने वाचकाला काही मिळत नाही, ती लिहिणाऱ्याची सोय आहे. त्यामुळे ती पोस्टसीएसएस किंवा लाइटनिंग सीएसएससारख्या साधनाने सपाट करूनच सर्व्हरवर चढवा.

पायरी ३ : इफेक्टची यादी करा आणि प्रत्येकापुढे ‘नसेल तर?’ लिहा

कागद घ्या. आपल्या मुखपृष्ठावरचे इफेक्ट एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे तो नसेल तर काय होईल, ते एका वाक्यात लिहा. कार्डाची सावली : काही नाही. शीर्षकाच्या ओळी समतोल तोडणारं ‘टेक्स्ट-रॅप : बॅलन्स’ : ओळी नेहमीसारख्या तुटतील. अधोरेखा उकारापासून थोडी खाली सरकवणारं ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ : रेघ उकाराला चिकटेल. हे सगळं आजच टाका, कुठलीही तपासणी नको. मराठी मथळ्यात दुसऱ्या ओळीवर एकटंच ‘आहे’ लोंबकळतं, ते ‘बॅलन्स’ने छान सुधारतं. क्रोम ११४, फायरफॉक्स १२१ आणि सफारी १७.५ पासून ते चालतं. जिथे नाही तिथे कालच्यासारखंच दिसेल.

मग उरतात दोन प्रकार. काही इफेक्ट नसले तर पान वेडंवाकडं दिसतं : कार्डं एकमेकांना चिकटतात, चित्रं ताणली जातात. आणि काहींनी मजकूरच नाहीसा होतो. पारदर्शक अक्षरं, शून्य ओपॅसिटी, फोटोवर विसंबलेली अर्धपारदर्शक पट्टी, हे सगळं या शेवटच्या प्रकारात येतं. वेळ थोडा असेल तर सगळा याच प्रकारावर खर्च करा.

पायरी ४ : काचेचा हेडर

‘बॅकड्रॉप-फिल्टर’ मागच्या गोष्टी धूसर करतं. सफारीने ते वेबकिट उपसर्गासह (प्रॉपर्टीच्या नावाआधी ‘वेबकिट’ जोडून) २०१५ मध्येच, आवृत्ती ९ मध्ये आणलं. क्रोममध्ये ते ७६ पासून, फायरफॉक्समध्ये जुलै २०२२ च्या १०३ पासून आहे. उपसर्गाशिवाय सफारीत यायला मात्र २०२४ ची आवृत्ती १८ उजाडली. म्हणजे आजही उपसर्गाची ओळ काढून चालत नाही.

नेहमीची चूक अशी : हेडरला पांढरा रंग ०.५ अल्फाने (० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण ठोस) देतात आणि खाली १२ पिक्सेलचा ब्लर लिहितात. ब्लर नसेल तर अर्धपारदर्शक पांढऱ्यातून खालचा मजकूर तसाच दिसतो, आणि मेनूची अक्षरं त्यात मिसळतात. ‘कथा’ या मेनूखालून एखादा परिच्छेद सरकत गेला की दोन्ही वाचता येत नाही.

क्रम उलटा करा. मूळ नियमात हेडर जवळजवळ ठोस ठेवा, अल्फा ०.९६. मग अॅट-सपोर्ट्समध्ये उपसर्गासह आणि उपसर्गाविना, दोन्हींपैकी एक तरी कळतं का ते ‘ऑर’ वापरून विचारा. हो असेल तरच त्या कंसात अल्फा ०.६५ वर आणा आणि ब्लर द्या. आत आधी वेबकिटची ओळ, मग साधी. महत्त्वाचं हे की पारदर्शकता आणि ब्लर एकाच कंसात राहतात. एक मिळालं आणि दुसरं नाही, असं होताच कामा नये.

इथे आणखी एक खाच आहे, तिचा ब्राउझरच्या वयाशी संबंध नाही. बॅकड्रॉप-फिल्टर दिलेला घटक त्याच्या आतल्या ‘फिक्स्ड’ घटकांचा आधार बनतो. मोबाइल मेनू हेडरच्या आत असेल आणि तो फिक्स्ड ठेवून पूर्ण स्क्रीन व्यापायची अपेक्षा असेल, तर काच लावल्याक्षणी तो हेडरच्या उंचीपुरता आकसतो. मेनू हेडरच्या बाहेर काढा, किंवा काच हेडरच्या ‘बिफोर’ घटकावर (सीएसएसनेच आत जोडलेल्या रिकाम्या घटकावर) लावा.

ब्लर स्वस्त फोनला जड जातो. पट्टीपुरता ठेवा, अख्ख्या स्क्रीनवर पसरवू नका. काचेखालून गडद फोटो जाताना आणि पांढरा भाग जाताना, दोन्ही वेळा मेनू वाचून बघा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, आणि काचेवर तो सगळ्यांत वाईट क्षणी मोजायचा असतो.

पायरी ५ : रंगीत शीर्षक, आणि देवनागरीची काळजी

ग्रेडियंट अक्षरांची युक्ती अशी की घटकाला रंगांची पार्श्वभूमी द्यायची, ती ‘बॅकग्राउंड-क्लिप : टेक्स्ट’ने अक्षरांच्या आकारात कापायची आणि अक्षरांचा स्वतःचा रंग पारदर्शक करायचा. कापणं चाललं नाही आणि पारदर्शक करणं चाललं, तर शीर्षकाच्या जागी रंगीत आयत उरतो. म्हणून इथेही तीच शिस्त. मूळ नियमात ठोस रंग. अॅट-सपोर्ट्सच्या आत ग्रेडियंट, क्लिप आणि पारदर्शकता एकत्र. उपसर्गाची ओळ इथेही लागते, क्रोमनेसुद्धा उपसर्गाविना हे १२० व्या आवृत्तीत घेतलं.

ओळींचा क्रम सांभाळा. ‘बॅकग्राउंड’ ही एकत्रित प्रॉपर्टी क्लिपच्या खाली लिहिली तर ती क्लिप पुसून टाकते आणि पुन्हा तो आयत उभा राहतो. एकतर ‘बॅकग्राउंड-इमेज’ वापरा किंवा क्लिप शेवटी लिहा. शिवाय छापताना ब्राउझर बहुधा पार्श्वभूमी गाळतात आणि पारदर्शक अक्षरं कागदावर कोरीच राहतात. हा सगळा भाग ‘मीडिया : स्क्रीन’पुरता ठेवला की प्रिंटमध्ये ठोस रंग येतो. दिवाळी अंकाची अनुक्रमणिका छापून घेणारे वाचक आहेत, त्यांचं शीर्षक हरवायला नको.

आता आपल्या लिपीचं. इंग्रजी साइटवरून उचललेल्या शीर्षकाच्या स्टाइलमध्ये लाइन-हाइट १ किंवा १.१ असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, अनुस्वार, मात्रा, वेलांटी असतात आणि खाली उकार, ऋकार. साध्या रंगात ही चिन्हं चौकटीबाहेर गेली तरी रंगतात. पण बॅकग्राउंड-क्लिपमध्ये जिथे पार्श्वभूमी संपते तिथे रंगही संपतो. ‘सर्वांसाठी’ लिहिलं तर ‘र्वां’वरचा रफार आणि अनुस्वार वरून छाटला जाऊ शकतो, ‘स्फूर्ती’मधला दीर्घ ऊकार खालून. लाइन-हाइट १.४ च्या आसपास घ्या आणि वर-खाली ०.१५ ते ०.२ ईएम पॅडिंग द्या. तपासायला खरं शीर्षक न घेता मुद्दाम ‘स्फूर्तींच्या वर्तुळांतून’ असं काहीतरी अवघड लिहून बघा. फॉन्ट बदलला की पुन्हा बघा, प्रत्येक फॉन्टमध्ये मात्रांची उंची वेगळी असते.

‘लेटर-स्पेसिंग’ देवनागरीला देऊ नका. अक्षरं लांब गेली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ही सुसंगतीची अडचण नव्हे, लिपीचा स्वभाव आहे. तयार थीममध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग हमखास असतं, ते शून्य करा. नुसती बाह्यरेखा दाखवणारं ‘टेक्स्ट-स्ट्रोक’ही जपून वापरा. आत रंग नसेल तर दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात, तिथे आडव्यातिडव्या रेघा दिसतात. अक्षराला ठोस रंग देऊन ‘पेंट-ऑर्डर’ने आधी रेघ, मग रंग असा क्रम दिला तर आतल्या रेघा झाकल्या जातात. हे क्रोममध्ये १२३ पासून चालतं. त्याआधीच्या क्रोममध्ये रेघ अक्षराच्या वर येते, त्यामुळे ती पातळच ठेवा.

पायरी ६ : कार्डांची मांडणी

ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत एकाच महिन्यात आली. आता तिच्यासाठी पर्यायी मांडणी लिहायचं कारण राहिलेलं नाही. फ्लेक्सबॉक्समधल्या ‘गॅप’चं मात्र एक वेगळंच दुखणं आहे. ग्रिडमध्ये गॅप आधी आली, फ्लेक्समध्ये नंतर. सफारीत तर १४.१ मध्ये, एप्रिल २०२१ ला. मधल्या काळातल्या सफारीला अॅट-सपोर्ट्सने ‘गॅप कळते का?’ विचारलं तर ती ‘हो’ म्हणते, कारण ग्रिडमधली कळते. फ्लेक्समधली कार्डं तरी चिकटलेलीच. अॅट-सपोर्ट्स फक्त एवढंच सांगतं की ओळ व्याकरणाने बरोबर आहे. ती कुठे चालते आणि नीट चालते का, हे ते सांगत नाही.

यावर आडमार्ग आहे : त्याच सुमाराला आलेली दुसरी प्रॉपर्टी विचारा. ‘इन्सेट’ सफारीत १४.१ मध्येच आली. ‘इन्सेट : ०’ कळत असेल तर फ्लेक्सची गॅपही आहे असं धरता येतं. पण माझं मत विचाराल तर कार्डांना सरळ ग्रिड वापरा आणि या फंदात पडू नका. आडमार्ग चालतो, पण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला तो का घेतला ते कळत नाही.

चित्रांसाठी ‘अॅस्पेक्ट-रेशो’ सोबत एचटीएमएलमधल्या इमेज टॅगला रुंदी-उंचीचे आकडे द्या. चित्र येण्याआधीच जागा राखली जाते आणि वाचता वाचता मजकूर उडी मारत नाही. कंटेनर क्वेरी असतील तर मूळ मांडणी एकखाली एक ठेवा आणि रुंद कार्डाची मांडणी ‘अॅट-कंटेनर’च्या आत. आयओएस १५ वर अख्खा तुकडा गळेल आणि साधी, अरुंद कार्डं दिसतील. त्यात वाचण्याजोगं काहीच हरवत नाही.

पायरी ७ : स्क्रोलवर उमटणारी चित्रं

सर्वांत जास्त पानं इथे कोरी पडतात. जुनी पद्धत आठवा : मूळ सीएसएसमध्ये ओपॅसिटी ० आणि जावास्क्रिप्ट येऊन ती १ करणार. स्क्रिप्ट उशिरा आली, अडकली किंवा मधेच चुकली, की लेख कायमचा अदृश्य. एसटीत बसून, तुटक नेटवर्कवर पान उघडणाऱ्याच्या वाट्याला हे हमखास येतं.

आता स्क्रोलशी बांधलेलं अॅनिमेशन सीएसएसमध्येच करता येतं. ‘अॅनिमेशन-टाइमलाइन’ला ‘व्ह्यू’ दिलं की घटक स्क्रीनवर जसा येतो तसं अॅनिमेशन पुढे सरकतं. क्रोममध्ये हे जुलै २०२३ ला आवृत्ती ११५ पासून आलं, सफारीत २०२५ च्या आवृत्ती २६ पासून. फायरफॉक्समध्ये बराच काळ ते फ्लॅगमागेच (सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावं लागेल असं) राहिलं. एवढी विषम परिस्थिती असूनही हा इफेक्ट बिनधोक वापरता येतो, अट एकच : मूळ नियमात चित्र पूर्ण दिसतं ठेवा. ओपॅसिटी ० हे शब्द फक्त कीफ्रेममध्ये (अॅनिमेशनचे टप्पे लिहितात त्या भागात) असू द्या. ते अॅनिमेशन चित्राला जोडणारी ओळ दोन कुंपणांच्या आत ठेवा. बाहेरचं कुंपण ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन : नो-प्रेफरन्स’चं, आतलं अॅनिमेशन-टाइमलाइन कळतं का विचारणारं.

पहिलं कुंपण शोभेचं नाही. हलत्या गोष्टींनी ज्यांना चक्कर किंवा मळमळ होते, ते फोनमध्येच हालचाल कमी करण्याची सोय चालू ठेवतात. त्यांनी केलेली निवड आपण पाळायची असते.

आत लिहितानाही क्रम पाळा. ‘अॅनिमेशन’ ही एकत्रित प्रॉपर्टी टाइमलाइन मूळपदावर आणते, म्हणून टाइमलाइनची ओळ नेहमी तिच्या खाली. आणि ‘अॅनिमेशन-रेंज’ आखूड ठेवा. चित्र स्क्रीनच्या मध्यावर येईपर्यंत अर्धवट फिकट राहिलं तर वाचणारा वैतागतो.

पायरी ८ : उपसर्ग हाताने लिहू नका

एके काळी साध्या गोल कोपऱ्यासाठी तीन-तीन ओळी लिहाव्या लागत. प्रयोगापुरते काढलेले ते उपसर्ग लोकांनी कायमचे वापरले, तेही फक्त वेबकिटचे, आणि शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये फायरफॉक्सला आवृत्ती ४९ पासून वेबकिटचेच काही उपसर्ग स्वीकारावे लागले. आज ब्राउझर नवे गुण उपसर्गाऐवजी फ्लॅगमागे ठेवून तपासतात. जे थोडे उपसर्ग उरले आहेत, ते ऑटोप्रिफिक्सर या साधनावर सोपवा. पायरी १ मध्ये ठरवलेला तळ ब्राउझर्सलिस्टच्या (कुठले ब्राउझर सांभाळायचे ते साधनांना सांगणाऱ्या) फाइलमध्ये लिहा. तीच फाइल लाइटनिंग सीएसएसलाही चालवता येते. ऑटोप्रिफिक्सर उपसर्ग जोडतं, नसलेला गुण निर्माण करत नाही, हे मात्र विसरू नका.

पायरी ९ : मोडून बघा

तपासणीची सोपी रीत अशी की प्रत्येक अॅट-सपोर्ट्सची अट तात्पुरती खोटी करायची, म्हणजे प्रॉपर्टीच्या जागी अस्तित्वात नसलेलं नाव टाकायचं, आणि पान उघडायचं. जे दिसतं ते जवळजवळ जुन्या ब्राउझरमधलं पान. ते पान दाखवायला तुम्हाला लाज वाटत असेल, तर मूळ नियमांवर काम बाकी आहे. नवे इफेक्ट काढल्यावरही पान नीटनेटकं आणि आपलंच वाटलं पाहिजे.

त्यानंतर खरं यंत्र. घरात कुणाचा तरी जुना फोन असतोच. विंडोज किंवा लिनक्सवर बसून वेबकिट बघायचं असेल तर प्लेराइट या तपासणीच्या साधनासोबत वेबकिट मिळतं. ते हुबेहूब आयफोनची सफारी नव्हे, पण बऱ्याच चुका तिथेच सापडतात. विशिष्ट जुनी आवृत्ती हवी असेल तर मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेवर खरी उपकरणं दूरून चालवता येतात. आधी अंक मागवण्याचा फॉर्म भरून बघा, मग शीर्षक, मग काच. वेळ संपला तर काच बघायची राहिली तरी चालेल.

ग्राहकाशी बोलणं

‘सगळीकडे सारखंच दिसलं पाहिजे’ ही मागणी येतेच. त्यावर तांत्रिक वाद घालू नका. काम सुरू होतानाच दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवा : एक पूर्ण इफेक्टचा, एक साधा. दोन्हींत शीर्षक, कथा, किंमत, ‘अंक मागवा’ हे बटण दिसतंय हे बोटाने दाखवा. हे दोन्ही पानं म्हणून मंजूर करून घ्या, ईमेलवर. मग सहा महिन्यांनी संपादकांच्या ओळखीच्या कुणी जुन्या टॅबवर पान उघडून ‘यात काच दिसत नाही’ म्हटलं, तर ती चूक नाही, ठरलेलंच आहे.

आणि प्रत्येक अॅट-सपोर्ट्सच्या वर एक कॉमेंट टाका : हे कुंपण कुठल्या ब्राउझरसाठी आहे आणि कधी काढता येईल. ‘सफारी १८ च्या आधीसाठी उपसर्ग’, ‘विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ साठी आरजीबी’. वर्षातून एकदा, नवा अंक चढवण्याआधी, अॅनालिटिक्स उघडा, तळ पुन्हा बघा आणि ज्यांचं काम संपलं त्या ओळी काढून टाका.